तांबड्या रंगाचा कायदा

माझा थोरला भाऊ सांगोल्याच्या बाजूला, आमच्या गावात, अजूनही मेंढरं राखतो. सोलापूरच्या लॉ कॉलेजात मला नोकरी लागली आणि मी आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा शिकवणार असं त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं तंबाखू मळता मळता बराच विचार केला.

"म्हंजी दोन देशांचं भांडान लागलं की तू सोडवनार व्हय?"

"मी नाही सोडवत, आण्णा. ते कसं सोडवतात ते पोरांना शिकवतो."

"मग आदी आपल्या बांदाचं शिकव की. ते बी सुटंना झालंय."

आता निवृत्त झालो, तरी या प्रश्नावर मला धड उत्तर सापडलेलं नाही. सोलापुरात वकील म्हटलं की जमीन, भाडेकरू, चेक आणि घटस्फोट. माझा विषय काय, असं कुणी लग्नात विचारलं तर "कॉलेजात शिकवत होतो" एवढं सांगून मी जेवणाच्या रांगेत पुढे सरकतो. पण या गावचा टॉवेल दूरच्या देशात कुणी तरी तोंड पुसायला घेतो, आणि तिथं पोचेपर्यंत किती कायदे त्या टॉवेलला हात लावून बघतात, हे मी आयुष्यभर वाचलं आणि त्यावर लिहिलं. त्यातलं थोडं सांगतो. त्यात मी कमी आहे, माझी एक विद्यार्थिनी जास्त आहे.

आधी विषय सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. देशादेशांमधल्या व्यापाराचे नियम सांभाळणारी एक संस्था जिनिव्हाला आहे. जगातले बहुतेक देश तिचे सभासद. नियमांची पुस्तकं जाडजूड आहेत, पण गाभा छोटा आहे. एका सभासदाला सवलत दिली की ती सगळ्यांना द्यायची. आणि बाहेरचा माल एकदा आत आला की त्याला घरच्या मालासारखंच वागवायचं. एवढ्यावर भागलं असतं तर माझी नोकरी एका सत्रात संपली असती. पण या नियमांना अपवाद आहेत. माणसाच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तर देशाला माल अडवता येतो. जनावरं, झाडं, पाणी यांच्यासाठीही अडवता येतो. मग खरा प्रश्न उभा राहतो. धोका खरोखरच आहे, की घरच्या कारखानदाराला सांभाळण्यासाठी पुढं केलेलं ते निमित्त आहे? हे ठरवायला एकटा कायदा पुरत नाही. डॉक्टर लागतो, रसायनं जाणणारा लागतो, शेतीतला माणूस लागतो, अर्थशास्त्रवाला लागतो. मी हे दर वर्षी वर्गात सांगायचो. सांगायचो एवढंच. करून दाखवलं ते सुजाता दासरीनं.

लोकांची या विषयाकडून अपेक्षा मात्र निराळीच असायची. मोडनिंबचे एक डाळिंबाचे व्यापारी एकदा स्टाफरूममध्ये आले. फळावर औषधाचा अंश जास्त सापडला म्हणून त्यांचा कंटेनर परदेशातल्या बंदरातून परत फिरला होता.

"सर, त्या देशावर एक केस टाका की. वकीलपत्रावर आत्ताच सही करतो."

मी त्यांना समजावलं की तिथं माणसाला किंवा कंपनीला केस टाकता येत नाही. एका सरकारनं दुसऱ्या सरकारवर टाकायची असते.

"म्हंजी माल माजा, नुकसान माजं, आन् केस सरकारची?"

"हो."

"मग तुमी काय कामाचे ओ?"

चहा पिऊन गेले. माणूस मनानं मोठा. पुढच्या आठवड्यात त्याच मालातली एक पेटी घरी पाठवून दिली. आम्ही ती फळं धुऊन धुऊन खाल्ली.

सुजाता भवानी पेठेतली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. वडील यंत्रमागावर होते, ते ती लहान असतानाच गेले. आई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जायची. मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी धाकट्या काकांनी घेतली, नारायणकाकांनी. त्यांचं स्वतःचं डाईंग होतं, म्हणजे सूत रंगवायचा लहानसा कारखाना. तांबडा आणि मरून या दोन रंगांसाठी पेठेत त्यांचं नाव होतं. त्यांच्या टाकीतून निघालेल्या सुताच्या लडीचा तांबडा धुऊन फिका पडत नाही, असं मोठे टॉवेलवाले सांगायचे.

ही मुलगी वर्गात मागं बसायची आणि तासानंतर प्रश्न विचारायची. एकदा म्हणाली, "सर, पुस्तकात लिहिलंय की आरोग्यासाठी माल अडवता येतो. पण कुणाच्या आरोग्यासाठी? विकत घेणाऱ्याच्या की करणाऱ्याच्या?"

मी उत्तर दिलं. कलमं सांगितली, दोन निवाडे सांगितले. तिनं ते लिहून घेतलं, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे दिसत होतं. पुढं ती आमच्याच कॉलेजात शिकवायला लागली आणि माझ्याकडे पीएचडीला नाव नोंदवलं. विषय होता व्यापार कायदा आणि आरोग्य.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. टॉवेलवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष मल्लिनाथशेठ कॉलेजात आले. सोबत चार कारखानदार. आपला टॉवेल जिथं बराच जातो अशा एका देशानं नव्या नियमाचा मसुदा काढला होता. विशिष्ट घराण्याचे, म्हणजे एकाच रासायनिक कुळातले, सगळे रंग बंद, आणि दर खेपेच्या मालाची तपासणी फक्त त्यांच्याच देशातल्या प्रयोगशाळेत.

"सर, सरळ दादागिरी आहे ही," शेठ म्हणाले. "त्यांच्या कारखान्यांना आमचा टॉवेल नको झालाय. तुम्ही फक्त लिहून द्या की हे बेकायदेशीर आहे. बाकी दिल्लीत आम्ही बघतो."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. असा नियम करायच्या आधी देशाला तो मसुदा जिनिव्हाला कळवावा लागतो. मग इतर देशांना साधारण दोनेक महिने मिळतात. त्या मुदतीत आपल्या सरकारमार्फत हरकत घेता येते, सुचवता येतं. हे दार सगळ्यांना उघडं असतं, पण आपल्याकडून त्यातून आत जाणारे फार थोडे. नियम लागू झाला की मग आरडाओरडा. मल्लिनाथशेठ वेळेत आले, हेच मला विशेष वाटलं.

मी काम सुजाताकडे दिलं. तिनं मसुदा वाचला आणि शेठना म्हणाली, "बेकायदेशीर आहे की नाही ते आत्ता नाही सांगता येणार. आधी रंग बघायला पाहिजे."

"रंगात काय बघायचं, मॅडम? रंग रंगच असतो की."

पुढचे काही आठवडे ती कॉलेज सुटलं की गायब व्हायची. विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना तिनं गाठलं. त्या आधी वैतागल्या, नंतर इतक्या रंगल्या की स्वतःच संशोधनाचे लेख काढून देऊ लागल्या. कातडीच्या रोगांच्या एका डॉक्टरांकडे ती बसली. डाईंगमध्ये काम करणाऱ्या माणसांशी बोलली. त्यांच्या हातांना काय होतं, केव्हा होतं, कुठल्या रंगावर काम करताना होतं, हे विचारत फिरली. पुरुष माणसं आधी लाजली. मग तेलुगूत मोकळं बोलली.

शेवटी माझ्यासमोर बसून म्हणाली, "सर, या घराण्यातले काही रंग खरंच वाईट आहेत. त्यांचे रेणू फुटले की त्यातून घातक पदार्थ सुटतो. टॉवेल वापरणाऱ्याला थोडा धोका, आणि टाकीत हात घालणाऱ्याला कितीतरी जास्त. पण सगळे वाईट नाहीत. पिवळे, निळे बरेचसे ठीक आहेत. त्यांनी सरसकट बंद केलेत."

"मग कायद्याच्या दृष्टीनं?"

"बंदीचा हेतू खरा आहे. बंदी हवी तेवढीच हवी, ही त्याहून मोठी आहे. तपासणीची अट अन्यायाची आहे. रंग बदलायला दिलेली मुदत फार कमी आहे. आपण एवढंच म्हणायचं."

मी विचारलं, "वाईट कुठले?"

तिनं वही मिटली. "तांबडे आणि मरून, सर."

तिच्या काकांचं डाईंग माझ्या डोळ्यांसमोर आलं.

संघटनेची बैठक औद्योगिक वसाहतीतल्या एका हॉलमध्ये झाली. मोठे कारखानदार पुढं, लहान डाईंगवाले मागं. नारायणकाका मधल्या रांगेत बसले होते, पुतणी बोलणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून. सुजातानं आपलं म्हणणं मांडलं. वाईट रंगांवरची बंदी मान्य करायची. चांगले रंग यादीतून काढायला सांगायचं. आपल्याकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे दाखले तिथं चालले पाहिजेत. आणि लहान कारखान्यांना बदलायला वेळ मिळाला पाहिजे.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. शेठ उभे राहिले. "मॅडम, आम्ही तुम्हाला आपल्या बाजूनं बोलायला बोलावलं. तुम्ही त्यांची बाजू घेताय."

"मी आपलीच बाजू घेतेय, शेठ. टाकीत हात घालणारी माणसं आपली नाहीत का?"

गलका ओसरला. तेवढ्यात मधल्या रांगेतून नारायणकाका उठले. चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता तो.

"सुजा, तांबडा बंद झाला तर माझं काय?"

मी आयुष्यात पुष्कळ परिसंवाद ऐकले. मोठमोठ्या विद्वानांना अवघड प्रश्न विचारलेले पाहिले. उत्तर द्यायला इतकं कठीण काही मी ऐकलेलं नाही. सुजाताचा चेहरा उतरला. तिनं टेबलाची कड धरली.

"काका, दुसरा तांबडा आहे. महाग आहे, आणि शिकायला वेळ लागेल. त्यासाठीच तर मुदत मागतेय. पण हा तांबडा चांगला आहे, असं मी लिहू शकत नाही. तो चांगला नाही."

काका खाली बसले. नंतर बैठक संपायच्या आधीच उठून गेले.

पुढचं मी सांभाळलं, तेवढंच माझं त्यातलं काम. शेठना बाजूला घेऊन सांगितलं, "सगळंच चूक आहे म्हणणारी पत्रं तिथं ढिगानं जातात. वाचून बाजूला ठेवतात. हे खरं आहे आणि ते जास्त आहे, असं जो लिहितो त्याचं थांबून वाचतात. तुम्हाला राग काढायचाय की टॉवेल विकायचाय?"

शेठ हसले नाहीत, पण व्यापारी माणूस. सुजातानं लिहिलेल्या मजकुरावर सही केली. निवेदन दिल्लीला गेलं, आणि शेवटची तारीख उलटायच्या आत दिल्लीहून पुढं गेलं.

मग बरेच दिवस काही नाही. कायद्याच्या अभ्यासात हा काळ सगळ्यात वाईट. वकिलाला निदान तारीख मिळते. आमचं लिखाण गेलं की गेलं.

त्या दिवसांत सुजाता स्टाफरूममध्ये डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. काका बोलत नव्हते. सणाला घरी आले नाहीत. आई दोघांच्या मध्ये. एकदा मी म्हणालो, "थोडं मऊ लिहिलं असतं तरी चाललं असतं." मला तिचं दुःख बघवत नव्हतं म्हणून म्हणालो.

ती म्हणाली, "सर, मऊ लिहिलं असतं तर काका बोलले असते. पण मग मी त्यांच्या हातांकडे कसं बघितलं असतं?"

एक दिवस दिल्लीहून फोन आला. त्या देशाच्या अधिकाऱ्यांना निवेदनातल्या तपासणीच्या भागाबद्दल प्रश्न होते. व्हिडिओवर बैठक ठरली. कॉलेजच्या संगणक खोलीत पंखा बंद करून आम्ही बसलो, कारण त्याचा आवाज फार यायचा. पडद्यावर एका बाजूला दिल्लीचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला परदेशी पाहुणे. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं की तुमच्या देशातल्या प्रयोगशाळेचा दाखला आम्ही का मानावा.

सुजातानं आवाज न चढवता सांगितलं की ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर तुमच्या प्रयोगशाळा चालतात, त्याच मानकावर आमच्या काही चालतात. दोन्हीकडे तोच नमुना पाठवा आणि निकाल ताडून बघा. मग पुढं म्हणाली, "तुमचा हेतू आम्हाला मान्य आहे. माझ्या घरातली माणसं या रंगांत काम करतात. आम्हाला हा रंग तुमच्याहून आधी नकोय. फक्त तो सोडताना आमची माणसं रस्त्यावर येऊ नयेत."

पलीकडे त्या बाई काही क्षण लिहीत राहिल्या. नंतर मान वर करून म्हणाल्या, हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं.

मी बंद पंख्याखाली घामानं निथळत बसलो होतो आणि अभिमानानं काही सुचत नव्हतं. चाळीशीसुद्धा न गाठलेली ही मुलगी कलम, रसायन आणि आपल्या घरची अडचण एकाच वाक्यात धरून बोलत होती, आणि त्यातलं काहीच सुटत नव्हतं. मी जन्मभर कलमांच्या आत राहून लिहिलं. तेही काम होतं, वाईट नव्हतं. पण कायद्याच्या कुंपणाला दार असतं हे मी नकाशावर दाखवायचो. ही त्या दारातून जाऊन परत आली होती.

काही महिन्यांनी सुधारलेला मसुदा आला. सरसकट बंदी गेली, वाईट रंगांची यादी राहिली. ठरावीक मानकाच्या आपल्याकडच्या प्रयोगशाळांचे दाखले चालतील असं आलं. मुदत वाढली. हे आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. आणखी कितीतरी देशांनी लिहिलं असेल. मल्लिनाथशेठ मात्र तेव्हापासून सगळीकडे सांगत फिरतात की "आमच्या मॅडमनी कायदा बदलून आणला." मी त्यांना सुधारायचा नाद सोडला.

सगळं गोड झालं असंही नाही. पेठेतली काही लहान डाईंग मुदत मिळूनही बंद पडली. नवे रंग महाग, आणि शिकवणारं कुणी नाही. याची रुखरुख मला आजही आहे. कायद्यानं वेळ मिळवून दिला, पण त्या वेळात काय करायचं हे बघणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हती. नारायणकाकांनी अर्ध्या टाक्या काढून टाकल्या. नव्या तांबड्यात त्यांची लडी दोनदा बिघडली. एक जुनं गिऱ्हाईक सोडून गेलं. तिसऱ्या खेपेला रंग धरला, असं सुजाताला आईकडून कळलं.

तिची पीएचडीची तोंडी परीक्षा झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण मार्गदर्शक म्हणून हजर होतो. बाहेरगावचे परीक्षक प्रबंध उलटत म्हणाले, "यात निम्मी पानं रसायनशास्त्राची आणि वैद्यकाची आहेत. हा प्रबंध नेमका कशाचा?"

"कायद्याचा, सर," सुजाता म्हणाली. "भांडण रंगावरून असेल तर कायद्याला रंग कळायला हवा. नाहीतर तो फक्त ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकेल."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं पान उलटलं. पदवी मिळाली, हे सांगायला नको.

गेल्या वर्षी कॉलेजनं तिचं सार्वजनिक व्याख्यान ठेवलं. मराठीत, गावातल्या लोकांसाठी. मी पुढच्या रांगेत. कारखानदार आले होते, विद्यार्थी होते. व्याख्यान सुरू झाल्यावर मागचं दार उघडलं आणि नारायणकाका आत येऊन शेवटच्या खुर्चीवर बसले. सुजातानं त्यांना पाहिलं. एक वाक्य तिचं अडखळलं, मग सावरलं.

तिनं सगळी हकिकत सांगितली. काकांचं नाव घेतलं नाही. शेवटी प्रश्नांची वेळ आली. एकदोन विद्यार्थ्यांनी विचारलं. मग मागून काका उभे राहिले. हॉलमध्ये ज्यांना माहीत होतं त्यांनी मागं माना वळवल्या.

"मॅडम," ते म्हणाले. पुतणीला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मॅडम म्हटलं असेल. "पुढच्या वेळी कुठला रंग बंद होणार?"

"अजून माहीत नाही." सुजाता म्हणाली. "पण या वेळी त्यांनी सांगायची वाट नको बघायला. आपल्याकडे वापरात असलेले सगळे रंग आपणच तपासून ठेवू. मला फक्त बसायला एखादं डाईंग पाहिजे."

काकांनी मान हलवली. मग तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि हॉलमधले अर्धे लोक हसले. इतकी वर्षं या गावात राहून तेवढं तेलुगू मलाही कळतं.

ते म्हणाले होते, "उद्या सकाळी ये मग. जुने कपडे घालून ये, अंगावर उडतं."